जांभ्यावरच्या घराचं अर्थिंग

कातळावर घर बांधताय आणि वायरिंगला मला बोलावलंत, तर बोर्ड कुठे हवेत हे मी नंतर विचारेन. आधी अर्थिंगचा, म्हणजे बिघाडातला करंट जमिनीत उतरवणारा, खड्डा ठरवू, तोही पाया खणत असतानाच. एकदा जेसीबी गेला की पहारीने जांभा फोडायला कोकणात गडी मिळत नाही.

आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे ४० मिमीचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा उतरवायचा, भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. माडाचं आळं किंवा न्हाणीचं पाणी जाते ती बाजू बघा, तिथे ओल टिकते. कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. खड्ड्याचा रोध ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका चांगला. ते रीडिंग मात्र मे महिन्यात घ्या. श्रावणात कुठल्याही खड्ड्याचं रीडिंग छानच येतं.

एवढं करूनही सुक्या कातळात २० ओहम आले तर? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरच्या बॉडीत फेज (करंट आणणारी वायर) उतरला तरी १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही आणि नळाला करंट तसाच राहील. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तो तेवढासा करंट गळला तरी लाइन तोडतो. त्याला २० ओहम काहीच नाहीत. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. खड्डा नसलेल्या घरातही ते बटण चालतं.

‘पावसात सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी काढून टाकलेली घरं मला भेटतात. दोष बहुधा अंगणातल्या दिव्यात शिरलेल्या पाण्याचा किंवा दोन सर्किटांचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) एकत्र बांधल्याचा असतो. पंप आणि बाहेरचे दिवे वेगळ्या आरसीसीबीवर घ्या, प्रत्येक सर्किटला स्वतःचा न्यूट्रल द्या.

आणि अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरचा तुकडा जोडणारा वायरमन दिसला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला की फ्रिजचं दारच फेज होतं.

बाकी सरळ आहे. दिव्या-पंख्यांना दीड चौ. मिमीची वायर, एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट यापुढे नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर-एसीला चार. वायरवर आयएस ६९४ हा वायरचा मानक क्रमांक छापलेला बघा. स्विच फेजवरच.

बल्ब-उपकरणं जोडण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावायला सांगा: फेज-न्यूट्रल, मग दोन्ही अर्थशी. एक मेगाओहमच्या खाली आलं तर कुठेतरी वायर सोललीय किंवा ओल शिरलीय. महावितरणच्या अर्जासोबत लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जातो. त्यातले आकडे घरी बसून भरणारेही आहेत, तेव्हा मेगर आणि अर्थ टेस्टरचा काटा स्वतः बघा आणि मगच त्याचे उरलेले पैसे द्या.