सहा इंची फिगरला नवा अवतार

ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणारी प्लॅस्टिकची बाहुली, नव्याने रंगवायचं सामान सांगलीत मिळत नाही असं नका समजू, एम-सील, पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात आणि ॲक्रिलिक रंग स्टेशनरीत मिळतात. आधी फिगर साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सोलून येतो. मुंडकं बदलायचंय? गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, फिगरचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ पडतं. दाढी एम-सीलची, बोट ओलं ठेवून. सांधे रंगवायच्या आधी थोडे घासा. रंग पातळच, दोन-तीन हात. पण खरी मजा ड्रायब्रशमध्ये! ब्रशला चंदेरी घ्या, कागदावर जवळजवळ सगळा पुसा आणि चिलखताच्या कडांवरून हलकेच फिरवा, फॅन्टसी पिक्चरमधला लढाईचा सीन पॉज करून बघा, कडा घासलेल्या, खाचांत काळं, अगदी तसंच दिसतं राव! पावसाळ्यातल्या दमट हवेत स्प्रे वार्निश मारू नका, पांढरट पडतं.