घरच्या प्रार्थनेची तयारी: लहान मुलं, दीड खोली आणि उशिराची लोकल

ख्रिस्ती घरात रोजची घरची प्रार्थना सुरू करायला जूनमध्ये शाळा उघडतानाचे दिवस सगळ्यात सोयीचे. डबा, गणवेश, शाळेच्या रिक्षावाल्या काकांची वेळ असं सगळंच तेव्हा नव्याने बसत असतं, त्यात आणखी एक गोष्ट बसून जाते. एक जानेवारीचा मुहूर्त टाळा. नाताळच्या पाहुण्यांचा शीण उतरलेला नसतो आणि वर्षअखेरच्या मध्यरात्रीच्या उपासनेची झोप मुलांच्या डोळ्यांवर असते.

आधी वेळ ठरवा, पुस्तकं मागाहून. वेळ घड्याळावर ठेवू नका, जेवणाला बांधा. ऐरोलीत नाहीतर कळव्यात राहून ‘रोज साडेआठला’ असं ठरवलं, तर ते पाळणं रेल्वेच्या हातात गेलं. जेवण मात्र रोज होतंच. भाजी गॅसवरून उतरली, पोळ्या डब्यात गेल्या, की ताटं वाढायच्या आधी बसायचं. जेवल्यानंतर तीन वर्षांचं पोर तिथेच आडवं होतं आणि सात वर्षांच्याला नेमका तेव्हाच उद्याचा प्रोजेक्ट आठवतो. शिवाय पोटात भूक असली की प्रार्थना आटोपशीर होते. याचा फायदा मुलांपेक्षा मोठ्यांच्या बाबतीत जास्त!

किती वेळ, हे ठरवताना डोळ्यांसमोर रविवार आणू नका. ज्या दिवशी पाऊस कोसळतोय, गाडी रबाळ्याला अडकलीय, धाकटी तापाने किरकिरतेय आणि उद्या मोठ्याची चाचणी आहे, तो दिवस आणा. त्या दिवशीही जमेल एवढंच ठरवा: गाण्याचं एक कडवं, बायबलमधल्या आठ-दहा ओव्यांचं, म्हणजे वचनांचं, वाचन, प्रत्येकाचं प्रार्थनेचं एक वाक्य आणि शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. सात-आठ मिनिटं फार झाली. एखाद्या संध्याकाळी मुलंच रमली तर लांबू द्या, पण तो नियम करू नका. एकाची शिफ्ट असेल तर दुसऱ्याने चालवायचं, हे आधीच बोलून ठेवा. गाडीत असलेल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला तरी चालतं, त्याने फक्त ‘आमेन’ म्हणायचं. सकाळी वेगळी बैठक मांडू नका. शाळेची बस फाटकाशी सव्वासहाला येत असेल तर वेणी घालता घालता आईने डोक्यावर हात ठेवून एक वाक्य म्हणावं, तेवढं पुरे.

जागेची तयारी म्हणजे एक सतरंजी आणि बंद टीव्ही. टीव्ही मालिकेच्या मध्येच बंद होणार असेल तर घरातल्या आजींशी आधी तह करा. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. बायबलचं ॲप मोठ्यांना सोयीचं, पण मुलाच्या हातात पान लागतं. वचन वाचताना वरून शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज टपकला की त्या दिवसाचं वाचन तिथेच संपलं.

म्हणून मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे छापील बायबल, घ्या आणि धाकट्यांसाठी एखादं चित्रांचं पुस्तक. इथली बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि देवनागरी अडखळत वाचतात. तरीही वाचायला त्यांनाच द्या, दोन ओव्या का होईना. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात ‘नबुखद्नेस्सर’ येतो. मूल बोट ठेवून त्याचे चार तुकडे करतं, ‘न-बु-खद्’पाशी थांबतं, हसतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. हसू द्या. त्याच अध्यायात वाद्यांची यादी चार वेळा जवळजवळ जशीच्या तशी येते. दुसऱ्या खेपेपासून सगळ्यांनी मिळून म्हणा, आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो ही नावंही. अग्नीची भट्टी येईपर्यंत धाकटीसुद्धा जागी राहते.

वाचन काय करायचं ते महिनाभराचं आधी कागदावर मांडा. सुट्या सुट्या गोष्टी हव्यात तर लूकच्या १९व्या अध्यायातला झाडावर चढलेला जक्कय, मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ, योहानाच्या सहाव्या अध्यायातला पाच भाकरी आणि दोन मासळ्या असलेला मुलगा आणि १ शमुवेलच्या तिसऱ्या अध्यायात रात्री हाक ऐकणारा शमुवेल. पण मुलांना खरी गोडी ‘पुढे काय झालं’ची असते. त्यासाठी योसेफासारखी गोष्ट नाही: उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायापासून ५०व्यापर्यंत. झगा, खड्डा, तुरुंग, दुष्काळ, भाऊ. रोज दहा ओव्या घेतल्या तर पावसाळ्यातले कितीतरी आठवडे जातात. मधला ३८वा अध्याय सरळ ओलांडा, का ते तुम्ही एकट्याने वाचलंत की कळेल, आणि पोटीफरच्या बायकोचं प्रकरण दोन वाक्यांत उरका. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर जातो ती गोष्ट चार वर्षांच्या मुलाला सांगायची घाई नको. बाबाच्या हातातला सुरा एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

डिसेंबरमध्ये १ ते २४ तारखेपर्यंत लूकचा रोज एक अध्याय वाचायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मोठ्यांनी जरूर वाचावी. पण लूकचा पहिलाच अध्याय ८० ओव्यांचा आहे, मुलं तिथेच गळतात. त्यांच्यासाठी लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या आणि मत्तयाचा दुसरा अध्याय यांचे छोटे तुकडे करून आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार आठवडे पुरवा.

पाठांतराचं वचन आठवड्याला एकच. मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. सुरुवात योहान ११:३५ ने करा: ‘येशू रडला.’ दोन शब्द. अगदी लहानग्यालाही पहिल्याच दिवशी तोंडपाठ होतं आणि तो का रडला हा प्रश्न तोच विचारतो. २३व्या स्तोत्राच्या सहा ओव्यांना सहा आठवडे. संडे स्कूलच्या टीचरना विचारून तिथलंच वचन घेतलं तर मुलांवर दोन वचनांचा भार पडत नाही.

गाणं महिन्याला एक धरा. ‘उपासना संगीत’ हे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक आजी-आजोबांना पाठच असतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं जुन्या चालीत त्यांनाच शिकवू द्या. मे महिन्यातल्या व्हीबीएसमधली (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेतली) हातवाऱ्यांची गाणीही चालतील. भिंती पातळ असतात, तेव्हा ढोलकी रविवारच्या दुपारी आणि एरवी टाळ. शेजारचं मूल खेळायला आलेलं असतानाच प्रार्थनेची वेळ झाली, तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. त्याच्या आईला स्पष्ट सांगा आणि विचारा. ती हो म्हणाली तर सतरंजीवर जागा करा, नाही म्हणाली तर त्याला हसत घरी सोडा.

प्रार्थनेबाबत मोठ्यांनी एक पथ्य पाळायचं: देवाशी बोलायच्या निमित्ताने मुलांना टोमणे नाहीत. ‘हे देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे’ असं एक डोळा उघडा ठेवून म्हटलं की मुलाला सगळं कळतं. मूल ‘लिफ्ट चालू होऊ दे’ म्हणालं, तर तीच त्याची प्रार्थना. त्यावर भाष्य नको, ‘आमेन’ म्हणा. सात मजले चढणाऱ्या आजींसाठी मागणं तेच आहे. आजोबांची प्रार्थना आदामापासून सुरू होत असेल तर त्यांना शनिवार द्या, दुसऱ्या दिवशी शाळा नसते. रविवारी चर्चहून आल्यावर वेगळी बैठक नको. पाळकसाहेबांनी सांगितलेल्यातलं काय आठवतं, एवढं जेवताना विचारा.

दिवस बुडतील. गणपतीत गल्लीत स्पीकर असेल, लग्नाला नगरला जाल, सगळ्यांना एकदम सर्दी होईल. बुडलेलं वाचन दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचं नाही. खूण जिथे असेल तिथून पुढे. आणि योसेफ संपायच्या आठवडाभर आधी पुढचं काय ते काढून ठेवा. मार्ककृत शुभवर्तमान घेतलंत तर बरं, १६च अध्याय आहेत आणि त्यात माणसं सतत चालत असतात.