फुलं, चकाकी आणि संगमरवरी महाल: वेबटूनच्या बॅकग्राउंडमधल्या या चुका टाळा

वेबटून म्हणजे मोबाइलवर खाली सरकवत वाचायची चित्रकथा. कोरियन मान्हवा आणि चिनी मान्हुआ या तिकडच्या चित्रकथांत भावना टिपेला पोचली की खोलीच्या भिंती गायब होतात आणि मागे फुलं, बुडबुडे, चमचम येते. पद्धत छानच आहे. गडबड होते ती तयार ब्रश (चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधले फुला-चांदण्यांचे ठसे) नीट न बघता ओढल्याने.

सगळ्यात जास्त घोळ फुलांचा. पांढरी शेवंती कोरियात आणि चीनमध्ये अंत्यविधीची; प्रेमाच्या कबुलीमागे ती पसरली तर तिकडच्या वाचकाला नायकाचं काही खरं नाही असंच वाटणार. लाल स्पायडर लिलीही चिनी कथांत मृत्यूशी जोडलेली. अपशकुन मुद्दाम सुचवायचा असेल तर मात्र तिच्यासारखं फूल नाही. प्राचीन चीनमधल्या हिवाळ्याच्या दृश्यात हवा असतो प्लमचा बहर, आणि चुकून ओढला जातो चेरीचा ब्रश. झूम करून बघा: चेरीच्या पाकळीच्या टोकाला खाच असते, फूल लांब देठावर लोंबतं, प्लमची पाकळी गोल, फूल फांदीला चिकटून. आजच्या सोलमधल्या वसंताला चेरी बिनधास्त वापरा.

इमारतींचंही तसंच. कोरियाच्या जुन्या जोसॉन राजवटीतल्या शेतकऱ्याच्या घराला लाल-हिरवं दानचॉंग रंगकाम देऊ नका, ते राजवाड्यांना आणि बौद्ध मंदिरांना शोभतं. चीनच्या मिंग-छिंग राजवटींतल्या साध्या मंत्र्याच्या भिंतीवर पाच नख्यांचा ड्रॅगन नको, तो सम्राटाचा.

महालाचं तयार थ्रीडी मॉडेल वापरताना आधी क्षितिजरेषा जुळवा. मॉडेलमध्ये कॅमेरा 160 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या नायिकेच्या साधारण डोळ्यांतून ती रेषा जायला हवी. गुडघ्यातून गेली की बाई राक्षसीण दिसते, झुंबर कितीही महागडं असो. मॉडेलच्या रेषा वेगळ्या लेअरवर (चित्राच्या थरावर) काढून घ्या, म्हणजे पात्राच्या रेषेपेक्षा बारीक आणि फिक्या ठेवता येतात.

ठिपक्यांच्या टोनवर (छटा दाखवणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या नक्षीवर) लाटा उमटतात त्या आकार बदलल्यामुळे: 1600 पिक्सेल रुंदीवर काढलेलं पान 800 वर आणलं की ठिपके पिक्सेलच्या जाळीत नीट बसत नाहीत. म्हणून टोन लावायचाच तर 800 वर आणल्यानंतर लावा, नाहीतर सपाट करडा रंग भरा. ग्रेडियंटमध्ये (हळूहळू बदलणाऱ्या रंगछटेत) पट्टे दिसले तर 2-3 टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणे, मिसळा.

चकाकीचा लेअर पात्राच्या खाली ठेवा आणि चेहऱ्याभोवती मऊ खोडरबराने जागा मोकळी करा. केसांवर एखाद-दुसरी चांदणी चालेल. संवादाच्या फुग्यावर एकही नको.