हिवाळ्यात निऑन टेट्रा सांभाळताना

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि घरातील फिशटँकचे पाणीही पहाटेपर्यंत बरेच गार होते. मूळच्या ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा या माशाला साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते; मात्र दिवसा चढणारे आणि रात्री घसरणारे तापमान त्याला विशेष बाधते, कारण त्या ताणाने प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आणणारा रोग बळावतो. म्हणून थर्मोस्टॅट असलेला हीटर दर लिटरमागे सुमारे १ वॅट या हिशेबाने निवडावा, तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवावा आणि थर्मामीटर दुपारी नव्हे, पहाटे पाहावा. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून थोडा निवू द्यावा, नाहीतर त्याची तापलेली काच तडकू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्यात क्लोरीननाशक घालून, ते टँकमधील पाण्याइतके कोमट करूनच हळूहळू ओतावे. हे मासे किमान ६, शक्यतो १० एकत्र ठेवावेत. दोन-तीनच आणले, तर ते वनस्पतींमागे दडून राहतात, रंगाने फिकट पडतात आणि खाण्यासाठीही पुढे येत नाहीत. ते पाहणे खरोखर क्लेशदायक असते.