एक्सेलमध्ये काट मारावी, पण बेरजेलाही कळेल अशी

सेल निवडा, कंट्रोल धरून वरच्या ओळीतला ५ दाबा. मजकुरावर आडवी रेघ येते. तेच पुन्हा केलं की जाते. मॅकवरच्या एक्सेलमध्ये कमांड-शिफ्ट-एक्स, विंडोजवर गूगल शीट्स वापरत असाल तर ऑल्ट-शिफ्ट-५. लिब्रेऑफिसवाल्यांनी फॉरमॅट मेनूतल्या टेक्स्टमध्ये जावं. कळा लक्षात राहत नसतील तर एक्सेलमध्ये कंट्रोल-१ दाबून फॉन्टच्या पानावर स्ट्राइकथ्रूपुढे टिक करा.

सेलमधला थोडाच मजकूर खोडायचा असेल, म्हणजे "चकली २ किलो, शेव १ किलो" यातली फक्त शेव, तर एफ-२ दाबून सेलच्या आत शिरा, तेवढा तुकडा निवडा आणि त्याच कळा दाबा. हे फक्त टाइप केलेल्या मजकुराला चालतं. आकड्याच्या किंवा फॉर्म्युल्याच्या सेलमध्ये अर्धी काट टिकत नाही, खोडायचा तर अख्खा सेल खोडावा लागतो.

बहुतेक सल्ले एवढ्यावर थांबतात, आणि माझा राग त्यावरच आहे. कारण ही रेघ फक्त तुम्हाला दिसते, एक्सेलला दिसत नाही. त्याच्या लेखी ती ठळक अक्षरांसारखी नुसती सजावट आहे. १,२०० रुपयांवर काट मारली तरी खालच्या बेरजेत ते १,२०० रुपये जसेच्या तसे असतात. फिल्टर लावायला जा, तर त्याला रंग ओळखता येतो, काट येत नाही. सेल खोडलेला आहे की नाही हे सांगणारं तयार फंक्शनही एक्सेलमध्ये नाही. त्यासाठी मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो.

मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी शीटवर घेते. ए मध्ये नाव, बी मध्ये पदार्थ, सी मध्ये किलो, डी मध्ये रक्कम. ऑर्डर रद्द झाली म्हणून कुणी हाताने ओळ खोडली, तर किलोंची बेरीज तेवढीच राहते आणि त्या बेरजेवर भाजणी दळायला जाते. म्हणून काम उलट बाजूने करायचं: आधी शीटला शब्दात सांगायचं की ही ऑर्डर रद्द आहे, मग रेघ तिची ती पडली पाहिजे.

त्यासाठी ई हा आणखी एक कॉलम घ्या, नाव द्या "स्थिती". त्यात हाताने टाइप करू नका आणि कुणाला करू देऊ नका. डेटा व्हॅलिडेशनमधून ड्रॉपडाउन, म्हणजे निवडायची तयार यादी, लावा: नवी, दिली, रद्द. एकाने "रद्द" लिहिलं, दुसऱ्याने "रद्द केली", तिसऱ्याने "रद्द" पुढे एक स्पेस सोडली, की शीटच्या दृष्टीने ते तीन वेगळे शब्द झाले. ती स्पेस शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

आता अवघड भाग. हा सावकाश वाचा.

पहिल्या ओळीत मथळे आहेत असं धरू. ए२ पासून ई६० पर्यंतचा भाग निवडा, आणि निवडताना वरून खाली या. खालून वर ओढत आणलात तर निवड तशीच दिसते, पण एक्सेल तुमचा फॉर्म्युला शेवटच्या ओळीपासून मोजतं आणि रेघा भलत्याच ठिकाणी पडतात. वर डावीकडे सेलचा पत्ता दाखवणाऱ्या नेम बॉक्समध्ये ए२ दिसतंय ना, एवढं बघून घ्या. मग होम, कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सजावट आपोआप लावणारी सोय), न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा, फॉर्म्युला वापरायचा पर्याय. चौकटीत लिहायचं ते असं:

=$ई२="रद्द"

कॉलमचं अक्षर आणि ओळीचा आकडा अर्थात इंग्रजी कीबोर्डवरून. मग फॉरमॅटचं बटण, फॉन्ट, स्ट्राइकथ्रू, ओके.

सगळा जीव त्या एका डॉलरमध्ये आहे. तो अक्षराच्या आधी हवा, आकड्याच्या आधी नको. अक्षराआधी डॉलर म्हणजे "कोणत्याही कॉलममध्ये असलास तरी बघायचं ई मध्येच". आकड्याआधी डॉलर नाही म्हणजे "ओळ मात्र आपापली बघ". दोन्हीकडे डॉलर घातले तर सगळ्या ओळी एकट्या २ नंबरच्या ओळीकडे बघत बसतात. ती रद्द झाली की अख्खी यादी खोडली जाते. एकही डॉलर नाही घातला तर फक्त ए मधलं नाव ई कडे बघतं, बी एफ कडे, सी जी कडे, आणि काट नावावर पडून बाकीची ओळ कोरी राहते.

यात एक्सेलची एक खोडी आहे. फॉर्म्युला लिहिताना सेलवर क्लिक केलंत तर ते आपणहून दोन्ही डॉलर घालून ठेवतं. एफ-४ दोनदा दाबा, नको असलेला डॉलर जातो. आणि त्या चौकटीत चूक सुधारायला बाणाची कळ दाबू नका. कर्सर सरकण्याऐवजी भलत्याच सेलचा पत्ता मधे घुसतो. आधी एफ-२ दाबा, मग बाण वापरा.

रेघ बरोब्बर एक ओळ वर पडत असेल तर तुम्ही मथळ्यासकट अख्खे कॉलम निवडून फॉर्म्युल्यात २ लिहिलाय. निवड जिथून सुरू होते त्याच ओळीचा आकडा फॉर्म्युल्यात हवा. नव्याने काही करू नका, कंडिशनल फॉरमॅटिंगमधल्या मॅनेज रूल्समध्ये जाऊन तेवढं दुरुस्त करा.

गूगल शीट्समध्ये हेच फॉरमॅट मेनूतल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये आहे, यादीच्या तळाशी कस्टम फॉर्म्युला. डॉलरचा नियम तोच. तिथे फक्त झालं किंवा नाही झालं एवढंच हवं असेल तर इन्सर्टमधून चेकबॉक्स टाका आणि फॉर्म्युल्यात बरोबरच्या चिन्हापुढे नुसतं $ई२ लिहा. टिक केली की ओळ खोडली जाते.

बेरीज आता सम-इफने करा, म्हणजे अटीत बसणाऱ्याच ओळी मोजणाऱ्या फंक्शनने. तीन जागा भरायच्या: आधी स्थितीचा कॉलम, मधे अवतरणचिन्हांत "<>रद्द" म्हणजे रद्द सोडून बाकीच्या ओळी, शेवटी किलोंचा किंवा रकमेचा कॉलम. स्थिती भरायची राहिली असेल तर ती ऑर्डरही मोजली जाते, आणि तसंच हवं.

नियम लावल्यावर त्या भागात कंट्रोल-५ ला हात लावायचा नाही. हे मी बजावून सांगते. नियमाने आलेली रेघ कंट्रोल-५ ने जात नाही. माणूस दाबतो, काही बदललेलं दिसत नाही, सोडून देतो. पण तेवढ्यात खाली हाताची दुसरी काट पडलेली असते, वरच्या रेघेमुळे ती दिसत नाही. चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं "पाठवाच हो", तुम्ही स्थिती बदलता, आणि ओळ तरीही खोडलेलीच. मग सगळे नियमालाच दोष देतात.

आधीच हाताने खोडून ठेवलेली जुनी शीट असेल तर एक्सेलमध्ये कंट्रोल-एफ, ऑप्शन्स, फॉरमॅट, फॉन्टमध्ये स्ट्राइकथ्रू आणि फाइंड ऑल. खाली आलेल्या यादीत कंट्रोल-ए दाबलं की खोडलेले सगळे सेल एकदम निवडले जातात. त्यांना पिवळा रंग द्या, रंगावर फिल्टर लावा, दिसतील त्या ओळींत स्थिती "रद्द" भरा, मग हाताच्या रेघा आणि रंग काढून टाका. गूगल शीट्सच्या शोधात ही सोय नाही. तिथे डोळे फोडावे लागतात.

काट फक्त रद्दसाठी ठेवा. दिलेल्या ऑर्डरीही खोडणारे लोक आहेत. त्यांच्या शीटमध्ये पैसे आलेली ओळ आणि बुडालेली ओळ एकसारखी दिसते. दिलेल्यांना दुसऱ्या नियमाने हिरवा रंग द्या.

खोडलेल्या ओळीची अक्षरं करड्या रंगाची करा, रेघेलाही तोच रंग येतो. आपल्या लिपीत याची गरज जास्त आहे: बारीक अक्षरांत काट मारलेला व सरळ ब वाचला जातो आणि प चा ष होतो. आडनावांच्या यादीत हे चालणार नाही.

आणि यादी व्हॉट्सॲपवर पाठवताना सेल कॉपी करून मजकूर म्हणून चिकटवू नका. रेघ शीटमध्येच राहते आणि आचाऱ्याला रद्द ऑर्डरीही धडधडीत चालू दिसतात. सीएसव्ही या नुसत्या मजकुराच्या फाइलचंही तेच, तीत फॉरमॅटिंग जातच नाही. स्थितीवर फिल्टर लावून रद्द ओळी आधी बाजूला करा, उरलेल्याच पाठवा. किंवा पीडीएफ द्या.