ब्लूजचे नवे अल्बम कसे शोधावेत आणि कसे ऐकावेत

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेलं संगीत. त्याबद्दल विचारलं की जाणकार हमखास सांगतात, "आधी मडी वॉटर्स ऐका, बी.बी. किंग ऐका, मग नव्याकडे वळा." हा सल्ला देणाऱ्या बहुतेकांनी 1970 नंतरचं काही मन लावून ऐकलेलंच नसतं. जुन्याचा साठा एवढा आहे की तो संपवून नव्याकडे यायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. थेट नव्यापासून सुरुवात करा, जुनं आपोआप ऐकायची वेळ येते.

1. प्लेलिस्ट सोडा, लेबल धरा. ॲपमधल्या 'ब्लूज' नावाच्या प्लेलिस्टमध्ये निम्मा रॉक असतो. त्यापेक्षा चार-पाच रेकॉर्ड कंपन्यांवर नजर ठेवा. शिकागोचं ॲलिगेटर 1971 मध्ये गिटारवादक हाउंड डॉग टेलरचा पहिला अल्बम काढण्यासाठी सुरू झालं; गायिका शेमेकिया कोपलंड तिथलीच, आणि 2019 मध्ये तरुण गिटारवादक किंगफिश इन्ग्रमचा पहिला अल्बमही त्यांनीच काढला. शिकागोचंच डेलमार्क त्याहून जुनं. नॅशव्हिलचं ईझी आय साउंड 'द ब्लॅक कीज' बँडचा डॅन आउअरबाख चालवतो. नॉर्थ कॅरोलिनातली म्युझिक मेकर ही संस्था दक्षिणेतल्या दुर्लक्षित वृद्ध कलाकारांना धरून आहे. यांच्या साइटवर ईमेल द्या, नवं काही आलं की पत्र येतं.

2. याद्या निवडून वाचा. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीत-पत्रिकेच्या ब्लूज यादीत गिटार-हिरोंची चलती असते. जो बोनामासाचा अल्बम आला की तो वरच जाऊन बसतो. 'लिव्हिंग ब्लूज' या नियतकालिकाची रेडिओ यादी मला जास्त भरवशाची वाटते, कारण रेडिओवाले खरोखर काय वाजवतात ते तिथे दिसतं. ग्रॅमीचे ब्लूजसाठी पारंपरिक आणि समकालीन असे दोन विभाग आहेत, शिवाय मेम्फिसचे ब्लूज म्युझिक अवॉर्ड्स आहेत. या सगळ्यांत विजेता सोडा, नामांकनं वाचा. माझ्या आवडीचे अल्बम तिथेच सापडतात.

3. शुक्रवारी बघा. जुलै 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात.

4. 'नवं' म्हणून आलेलं चाळून घ्या. खरी कसोटी इथे आहे. मीही या पायरीवर बराच काळ चाचपडत होतो, आणि यावर कुणी धड सांगत नाही.

पहिला घोळ जुन्याचा. 1963 च्या आधी प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग्ज युरोपात कॉपीराइटमधून सुटली आहेत. त्यामुळे तिथे कुणीही उठतो आणि लाइटनिन हॉपकिन्सचा 'नवा' अल्बम काढतो. हॉपकिन्स 1982 मध्ये गेला. ॲपवर मात्र तारीख या वर्षीची, मुखपृष्ठ कोरं करकरीत. तारखेवर विसंबू नका. अल्बमच्या तळाशी गोलातला 'पी' आणि त्यापुढे वर्ष व कंपनी असते, ती ओळ वाचा. तीही पुरेशी नाही, कारण रीमास्टर करून, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज साफसूफ करून, तिथे नवं वर्ष टाकता येतं. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सची नोंद ठेवणाऱ्या साइटवर जाऊन त्याच गाण्यांची नावं आणि मिनिटं ताडून बघा. 2:47 चं गाणं जुन्या अल्बमवरही 2:47 चंच असेल, तर ते बहुधा तेच रेकॉर्डिंग आहे. जुनं पण आजवर डब्यात पडून राहिलेलं रेकॉर्डिंग पहिल्यांदा बाहेर येत असेल, तर गोष्ट वेगळी. ते खुशाल ऐका.

दुसरा घोळ ताजा आणि जास्त वैतागवाणा: यंत्राने बनवलेला ब्लूज. यूट्यूबवर तर त्याचा पूर आहे. मुखपृष्ठावर सोनेरी उजेडात गिटार घेतलेला सुरकुतलेला कृष्णवर्णीय म्हातारा, आवाज घोगरा, शब्दांत व्हिस्की, पाऊस आणि रेल्वे. कानाला गोड लागतं, म्हणूनच फसगत होते. अशा वेळी श्रेयनामावली उघडा. ड्रम्स कुणी वाजवले? बास कुणाचा? स्टुडिओ कोणता? एकही नाव नसेल तर संशय घ्या. तीन महिन्यांत चार अल्बम असतील तर संशय पक्का करा. मग कलाकाराचे कार्यक्रम शोधा. ब्लूजवाला स्टेजवर जगतो. टोरॉन्झो कॅनन शिकागोत दिवसा सरकारी बस चालवून रात्री क्लबमध्ये वाजवायचा. ज्याचा कुठल्याच गावात, कुठल्याच बारमध्ये एकही कार्यक्रम झालेला नाही, त्याचं दुःख ऐकायला माझ्याकडे वेळ नाही.

श्रेयनामावलीचा आणखी एक उपयोग आहे. आवडलेल्या अल्बममधला ड्रमर किंवा निर्माता आणखी कुठे आहे ते बघत जा. कुठलंही शिफारस-यंत्र इतकं अचूक नेत नाही.

आणि वयावरून नवं-जुनं ठरवू नका. गायक बॉबी रश 1933 चा. त्याला पहिली ग्रॅमी 2017 मध्ये, 'पॉर्क्युपाइन मीट' या नव्या अल्बमसाठी मिळाली.

5. ऐका, पण फोनच्या स्पीकरवर नको. त्यात खालचा सूर मरतो, आणि ब्लूजचा अर्धा जीव तिथेच असतो. साधे वायरचे इयरफोन चालतील. शफल बंद ठेवा.

"ब्लूज म्हणजे बारा बार (ठेक्याची बारा आवर्तनं) आणि तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट)" हे ऐकून आलेला माणूस बारापर्यंत मोजत बसतो आणि कंटाळतो. मोजू नका. ओळ गाऊन झाली की मागे जी मोकळी जागा उरते तिच्याकडे कान द्या. तिथे गिटार उत्तर देते, कधी कबुली, कधी टोमणा. तीच ओळ पुन्हा येते तेव्हा उत्तर बदललेलं असतं, आणि तिसरी ओळ गाठ सोडवते.

सगळ्याच ब्लूजला हे लागू नाही. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतला सेड्रिक बर्नसाइड घ्या, तिथल्याच जुन्या ब्लूजवाल्या आर.एल. बर्नसाइडचा नातू, 'आय बी ट्रायिंग' या अल्बमसाठी 2022 चा ग्रॅमी विजेता. तिथे गाणं बऱ्याचदा एकाच कॉर्डवर ठाण मांडतं, आणि कॉर्ड कधी बदलतो याची वाट बघणारा हात हलवत परततो. तिथे पाय हलला पाहिजे. मिसिसिपीतल्याच बेन्टोनिया गावच्या जिमी 'डक' होम्सचा 2019 चा 'सायप्रस ग्रोव्ह' आणखी निराळा: बारीक, करडा, अंगावर येणारा. तो रात्री ऐका आणि किमान दोनदा ऐका.

आठवड्याला एकच अल्बम पुरे.

6. आवडला तर विकत घ्या. स्ट्रीमिंगमधून या मंडळींच्या हाती फारसं काही पडत नाही. बँडकॅम्प या कलाकारांचं संगीत थेट विकणाऱ्या साइटवर असेल तर तिथून घ्या.

7. मुंबईत असाल तर प्रत्यक्ष ऐका. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचा दिग्गज गिटारवादक बडी गाय (Buddy Guy) आला होता. कलाकारांची नावं जाहीर झाली की प्रत्येकाचा फक्त शेवटचा अल्बम ऐकून जा. स्टेजवर नव्यातलं काय वाजवलं आणि काय टाळलं ते कळतं, आणि शेजारच्याशी भांडायला विषय मिळतो.