कोल्हापूरहून बेळगावला बिऱ्हाड आणि कारखाना हलवताना

कोल्हापूर ते बेळगाव जेमतेम ११० किलोमीटर. पलीकडेही सोयरेधायरेच. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलं आमचं छोटं मशीन शॉप आणि घर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळ न्यायचं ठरलं, तेव्हा टेम्पो भरला की झालं, असंच वाटत होतं. पण राज्य बदललं की टेम्पोचं काम सगळ्यात शेवटी येतं.

आधी मुलांच्या इयत्ता बघा

जागा बघण्याआधी हे करा. महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. कर्नाटकच्या कोट्याचा मुख्य नियम असा, की पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं तिथं शिक्षण हवं. आता हिशोब करा. मूल सहावीत गेलं तर बारावीपर्यंत ७ वर्षं भरतात. आठवीत नेलं तर ५ च भरतात आणि ते दोन्हीकडून सुटू शकतं. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं वेगळी तरतूद केली आहे, पण तिच्या अटी आपल्याला लागू होतात का, हे आधी पाहून घ्या.

आमची थोरली तेव्हा आठवीत होती. ती आजीजवळ कोल्हापुरात राजारामपुरीतच राहिली. आता अकरावीला आहे, शनिवारी एसटीनं येते. धाकटा चौथीत होता, त्याला नेलं. तिकडे कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. लहान वयात ती पटकन येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी इथूनच घेऊन ठेवा. कर्नाटकातल्या शाळा आपल्या आधी उघडतात, म्हणून एप्रिलमध्येच दाखल्याच्या मागे लागा.

जीएसटी: नवा नंबर आधी, जुना नंतर बंद

जीएसटी नंबर राज्यागणिक वेगळा. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, कर्नाटकचा २९ नं. फक्त पत्ता बदलून भागत नाही. आम्ही आधी जुना नंबर बंद करायला निघालो होतो, सीएंनी वेळेवर थांबवलं. नंबर रद्द केला की खात्यातलं शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, बुडतं, शिवाय पडून असलेल्या मालावर आणि मशीनवर घेतलेलं क्रेडिटही नियमानुसार भरावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा. भाडेकरार आणि वीजबिल जोडून २९ चा नंबर काढा. मग मशीन, कास्टिंग (ओतीव भाग), तयार जॉब (बनवलेले सुटे भाग) हे सगळं २७ वरून २९ ला टॅक्स इन्व्हॉइस करून पाठवा. एकाच पॅनचे दोन नंबर असले तरी कायद्यात ती विक्रीच धरतात. हा कर जुन्या खात्यातल्या क्रेडिटमधून भरता येतो आणि नव्या नंबरला त्याचं क्रेडिट मिळतं. माल ५० हजारांवरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद, लागतंच. सगळं पोहोचलं, की जुना नंबर रद्द करायचा अर्ज करा आणि तो रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरा.

चपलेचा धंदा असेल तर एक चांगली गोष्ट. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना आहे आणि त्यात बेळगाव येतं. गोव्याला गेलात तर ते मागे राहतं.

गाडी

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर एमएच ०९ चालत नाही, नवा नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूर आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी काढा, कर्ज असेल तर बँकेची संमतीही घ्या. तिकडचा कर भरून नवा नंबर मिळाला, की इथल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करा. गाडी जुनी असेल तर मी म्हणेन, इथंच विकून मोकळे व्हा.

घरचं सामान

गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या, त्यावर तिकडे जोडणी मिळते. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ नं बदलतो. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची यादी सही करून ड्रायव्हरजवळ द्या. आणि भांडी-गाद्यांच्या टेम्पोत जागा उरली म्हणून एखादं मशीन किंवा कास्टिंगची पेटी टाकू नका. वाटेत तपासणी झाली तर घरच्या सामानासकट सगळी गाडी अडकून पडते.